बंद खोलीतून बाहेर आलेला बँड

बस्त्याव, आयुष्यभर मी तुझ्या मागून चालत क्लॅरिनेट वाजवली. त्या दिवशी पहिल्यांदा तुझ्या पुढे चालत वाजवली, कारण शवपेटी मागे असते आणि बँड पुढे. सारखं मागे वळून बघावंसं वाटत होतं. वळलो असतो तर तूच डाफरला असतास, "वसंता, रस्त्याकडं बघ, माज्याकडं काय बघतंस?" म्हणून नाही वळलो. तुझ्या घरापासून चर्चपर्यंत आणि तिथून दफनभूमीपर्यंत सरळ समोर बघत वाजवत गेलो. ओठ सुजले होते, पण एक सूर खाली पडू दिला नाही आम्ही. एवढं तुला कळवायचं होतं.

येत्या रविवारी चर्चमध्ये तुझा महिन्याचा मिस्सा, तुझ्यासाठीची प्रार्थना, आहे. तुझा जन्म कधीचा, किती वरातींत वाजवलंस, टेम्पो चालवत चालवत बँड कसा उभा केलास, हे तिथे कोणीतरी सांगेल. मला तुझ्याशी त्या एका हिवाळ्याबद्दल बोलायचं आहे. गंमत बघ, त्याची आठवण आली की डोळ्यांत पाणी यायच्या आधी मला उठून उभं राहावंसं वाटतं. आता लिहितानासुद्धा मी बसलेला नाही. ओटीवरच्या कपाटावर कागद ठेवून उभ्यानंच लिहितोय.

पाचूबंदरला तुझ्या घरामागे जाळी ठेवायची खोली होती, तीच आपली तालमीची जागा. शेजारी आवाजाची तक्रार करायचे म्हणून तू खिडकीत जुनी गादी ठोकून बसवली होतीस. दार लावलं की आत आपण सगळे, एक पंखा आणि सुक्या जाळ्यांचा वास. सगळे जीव खाऊन फुंकायचे. दम लागला की पाण्याची एकच बाटली सगळ्यांच्या तोंडाला लागायची. इनास मोठा ढोल बडवता बडवता गायचाही, आणि त्याचं गाणं ढोलापेक्षा मोठं असायचं. आणि तू. समोरच्याच्या खांद्यावर हात टाकून तोंडाजवळ तोंड नेल्याशिवाय तुला बोलताच यायचं नाही. मी बोळिंजहून आलो की मिठी मारल्याशिवाय तू मला वाद्याची पेटी उघडू द्यायचा नाहीस. आमच्या शेतकरी घरात कोणी कोणाला मिठी मारत नाही. मी आखडून उभा राहायचो आणि तू मुद्दाम जास्त वेळ धरून ठेवायचास.

मग करोना आला. मी कामाला जायचो तो वालीवचा कारखाना बंद, तुझा टेम्पो बंद, बँड बंद. तुझ्या घरी खरी भीती होती, कारण तुझ्या बायकोला, कातरीनला, लहानपणापासून दमा. थंडी पडली की जिना चढताना थांबणारी बाई ती. तिच्यासाठी तू काय काय केलंस. नारळ साबणानं धुतलेस. नोटा इस्त्रीखाली धरल्यास. तुझ्या ट्रम्पेटचं तोंड भाताच्या टोपात उकळलंस आणि कातरीननं तो टोप तुझ्यासमोर अंगणात भिरकावला. मला फोनवर सांगताना तू हसत होतास.

"हात धुतलं, वस्तू धुतल्या, मंग झाला," तू म्हणायचास. "आता तो घरात शिरंल कुठून?"

"श्वासातून शिरेल, बस्त्याव," मी म्हणायचो.

"श्वास काय धुता येतो? जे धुता येत नाय, त्याचा इचार करू नये."

आपला वाद तिथून सुरू झाला आणि, खरं सांगायचं तर, अजून मिटलेला नाही.

निर्बंध जरा सैल झाले आणि इनासच्या पुतण्याचा साखरपुडा ठरला. छोटासा हॉल, एसी चालू, म्हणून दारं लावलेली. दारात प्रत्येकाच्या हातावर सॅनिटायझर, प्रत्येकाच्या तोंडाला मास्क. आत गेल्यावर जेवायला बसले तसे मास्क खिशात गेले. गाणी लागली, गाण्यांवर आवाज चढवून गप्पा सुरू झाल्या, इनासनं माईक धरला तो सोडलाच नाही. तुला आत जागा नव्हती. तू हॉलच्या मागे ताडपत्रीखाली स्वयंपाक करणाऱ्यांबरोबर उभा राहून पापलेट तळत होतास आणि नंतर चिडून मला म्हणालास, "मला बाहेर ठेवला."

आठवडा गेला नाही तोच इनासला ताप आला. मग आणखी कोणाला, मग आणखी कोणाला. जे पडले ते बहुतेक आत बसलेले. ताडपत्रीखालचे तुम्ही सगळे ठणठणीत. इनासला ऑक्सिजन लावला तेव्हा तू हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर टेम्पोत बसून राहायचास. आत कोणी सोडत नव्हतं, तरी बसायचास.

मी म्हणालो, "बघितलंस? हॉलची हवा."

तू म्हणालास, "नशीब."

"हात तर सगळ्यांनी धुतले होते ना?"

"वसंता, इनास आत पडलाय आनि तू हिशेब कसला करतंस?"

तुझं दुःख बरोबर होतं आणि माझा मुद्दाही बरोबर होता, आणि दोन्ही एकाच वेळी बोलता येत नव्हते. वालीवला आमच्याकडे मशीनच्या भागांवर रंगाची फवारणी करतात. फवारणारा थांबला तरी बंद खोलीत रंग बराच वेळ तरंगत राहतो, नंतर आत जाणाऱ्याच्याही नाकात बसतो. पंखे लावून तो बाहेर काढावा लागतो. माझ्या डोक्यात त्या साखरपुड्याचा हॉल तसाच दिसत होता. आणि त्यानंतर आपली खोली दिसायला लागली. गादी ठोकलेली.

इनास घरी आला, अर्ध्या वजनाचा. आणि थोड्याच दिवसांत तू सगळ्यांना निरोप धाडलास: नॅन्सीचं लग्न ठरलंय, तालमीला या. तुझी एकुलती एक मुलगी. तिच्या वरातीत तिच्या बापाचा बँड वाजणार नाही, असं कसं होईल.

त्या संध्याकाळी मी आलो आणि खोलीच्या दारात थांबलो. आत सगळे वाद्यं जुळवत होते.

"आत ये, दार लावायचा हाय," तू म्हणालास.

"मी आत येणार नाही."

"का?"

"आपण सगळे मिळून या खोलीत तासभर फुंकणार. मग तू याच कपड्यांनी, याच छातीनं कातरीनशेजारी जेवायला बसणार."

तुझा चेहरा लाल झाला. "आमी कोन रोगी हाव? मानसाला मानूस नको झाला, तर मंग जगायचा कशाला? जायचा तर जा घरी."

मी घरी गेलो नाही. तुझ्या अंगणात, तुळशीच्या उंचीच्या त्या क्रुसाजवळ उभा राहिलो आणि पेटी उघडली. आत तू दार लावून घेतलंस. आतून वरातीची चाल सुरू झाली, गादीमुळे दबलेली, जमिनीखालून आल्यासारखी. मी बाहेरून माझा भाग वाजवायला लागलो. तुला चिडवायला नव्हे. तुझ्याशिवाय मला वाजवता येत नाही आणि आत मला यायचं नव्हतं, मग दुसरं काय करणार होतो?

कातरीन स्वयंपाकघराच्या दारात आली. तिनं माझ्याकडे बघितलं, खोलीकडे बघितलं. मग जाऊन तिनं त्या लावलेल्या दारावर हाताची थाप मारली. एकदाच. ती उभी होती आणि तिचा श्वास मला माझ्या जागेवरून ऐकू येत होता.

दार उघडलं. तू बाहेर आलास, ट्रम्पेट काखेत. माझ्याकडे न बघता म्हणालास, "हिथं अंगनात वाजवलं तर पोलीस येल. तुजी खाडीवरची शेती रिकामी हाय ना?"

बस्त्याव, त्या एका वाक्याबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. बँड तुझा होता. तू मला काढून टाकलं असतंस तर कोणी तुला दोष दिला नसता. लोक तेव्हा कशाकशावरून भांडून तुटत होते, भाऊ भावाकडे जात नव्हता. तू रागात होतास, आणि रागात असतानाच बाहेर आलास. राग जाईपर्यंत थांबला नाहीस.

आणि मग काय दिवस होते ते. भात कापून झालं होतं, वाल अजून पेरले नव्हते. बोळिंजच्या इमारतींच्या मागे आमची शेती, पलीकडे खाडी. जो तो आपापल्या गाडीवर, ढोल तुझ्या टेम्पोत मागे एकटा. प्रत्येकाला एक बांध. पहिल्या दिवशी जे काही वाजलं त्याला वाजवणं म्हणता येणार नाही. खोलीत सूर भिंतीला लागून परत यायचे, इथे ते सरळ खाडीत जाऊन बुडायचे. कोणाला कोणाचं ऐकू येईना. पलीकडच्या बांधावरचा ढोल उशिरा पोचायचा. तू हैराण. बगळे उडून गेले.

दुसऱ्या दिवशी तू होडीचा बावटा घेऊन आलास. हाताच्या खुणा लांबून दिसत नाहीत, म्हणून केशरी बावट्यानं ठेका द्यायला लागलास. आणि तू तांडेलाचा, होडी हाकणाऱ्याचा मुलगा, वारा तर तुला घरचा. मूठभर पेंढा वर फेकायचास, तो कुठे जातो ते बघायचास आणि जागा ठरवायचास. जोरात फुंकणारे वारा जातो त्या अंगाला, आजारातून उठलेला इनास वारा येतो त्या अंगाला. वारा फिरला की पूर्ण बँड बांध बदलायचा. प्रत्येकाची बाटली वेगळी, प्रत्येकाचा चहा घरून. मिठी बंद झाली तेव्हा तू काय केलंस? प्रत्येकासाठी ट्रम्पेटची वेगळी लकेर ठरवलीस. मी बांधावर चढलो की माझी लकेर यायची, आणि खरं सांगतो, ती मिठीपेक्षा बरी वाटायची. आता रागावून उपयोग नाही.

हळूहळू जमायला लागलं. आणि एका संध्याकाळी एकदम जमलं. सगळे सूर एकत्र वर गेले आणि इमारतींच्या प्रत्येक गॅलरीत माणसं उभी. महिनोन् महिने घरात कोंडलेली माणसं. आम्ही थांबलो तर वरून टाळ्या. एक आजी तिसऱ्या मजल्यावरून ओरडल्या, "उद्या किती वाजता?" तू बावटा हलवून सांगितलंस. तेव्हा तुझ्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, याला आता खोली नकोच.

लग्नाचा प्रश्न मात्र तसाच होता. चर्चमध्ये मोजकी माणसं चालणार होती, दारं-खिडक्या सताड उघड्या. पण जेवण कुठे? हॉल घ्यायला तू आता तयार नव्हतास. साखरपुड्याचं नाव न काढता म्हणालास, "हॉल नको." नॅन्सी रडली. "पप्पा, मग माझ्या लग्नाला कोणीच नाही का?"

तू दोन दिवस जेट्टीवर बसून होतास. तिसऱ्या दिवशी मला फोन. तुझा आवाज इतका चढलेला की मी फोन कानापासून लांब धरला.

"वसंता, दर घराला होडी हाय ना. एक घर, एक होडी. जे एका घरात झोपतात तेच एका होडीत बसतील. वर आभाळ, खाली पानी. सांग, हितं तुजी हवा कुठं कोंडते?"

मी नुसता हसत सुटलो.

पोलीस ठाण्यात तू स्वतः गेलास. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं आणि ते म्हणाले, "जेट्टीवर गर्दी नको. पाण्यात नीट राहा."

लग्नाच्या दुपारी भरती होती. चर्चमधून नवरा-नवरी आली आणि पताका लावलेल्या होडीत बसली. जवळच्या जुन्या किल्ल्याच्या बाजूला होड्या एकामागून एक सुटल्या, मग नांगर टाकून अंतरा-अंतरानं उभ्या राहिल्या. प्रत्येकीत एक घर. ज्यांना होडी नव्हती त्यांना गावानं दिली. मी तुझ्या चुलतभावाच्या होडीच्या टोकावर एकटा, त्याचं घरदार मागे. तू आणि कातरीन तुमच्या होडीत, तू टपावर चढून बावटा धरलेला. पाण्यावर वाजवणं शेतापेक्षाही अवघड. होडी हलली की सूर हलतो. पण तू बावटा खाली आणलास आणि आम्ही उचललं, बस्त्याव. सगळ्या खाडीनं उचललं. कोळणी आपापल्या होडीत नाचत होत्या. होडीला होडी लागत नव्हती, पण नाच एकच होता.

इनासचा ढोल डोलकाठीला बांधला होता. उभं राहून तो गळ्यात घ्यायची ताकद त्याच्यात नव्हती. तो खोक्यावर बसला होता आणि वरातीच्या चालीला त्यानं पहिली काठी मारली तेव्हा तू बावटा धरायचाच विसरलास. आम्ही सगळे चुकलो. कोणाला काही वाटलं नाही.

अर्नाळ्याहून कातरीनची बहीण होडीनं थेट आली होती. दोघी किती महिन्यांनी भेटत होत्या. दोन होड्या जवळ आल्या, मध्ये एका वल्ह्याचं अंतर. बहिणीनं हात पुढे केला, मग मागे घेतला. कातरीन म्हणाली, "जाडी झालीस गो." आणि दोघी हसायला लागल्या, रडायला लागल्या, काय ते कळेना.

जेवणाचे डबे होडीहोडीत आधीच पोचले होते. तू टपावरून भाषण केलंस, माईकशिवाय. "आज कोनी जवल येऊ नका. जवल यायचा दिवस येनार. तवा मी कोनाला सोडनार नाय."

पुढचे दिवस कातरीन रोज सगळ्यांना फोन करून एकच विचारायची, कोणाला ताप? कोणालाही आला नाही. मी म्हणालो, "बघ, वारा."

तू म्हणालास, "देवाची कृपा."

"अरे, वाऱ्यामुळेच."

"मंग वारा कोनाचा?"



सगळंच काही आनंदाचं नव्हतं, हे तुला मी सांगायला नको. पुढच्या उन्हाळ्यात आजार परत आला तेव्हा तुझ्या गल्लीतली तेरेज मावशी गेली. तुमच्याकडे माणूस गेलं की घरात जाऊन बसतात, हात धरतात, रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन रोझरी म्हणतात. तू लहानपणापासून कधी चुकवलं नव्हतंस. त्या वेळी तू गल्लीत उभा राहून खिडकीखाली प्रार्थनेचं गीत वाजवलंस. तिचा मुलगा खिडकीत येऊन म्हणाला, "अंकल, आत या ना." तू मान हलवलीस आणि परत ट्रम्पेट ओठाला लावलीस.

नंतर मला विचारलंस, "पोर रडत होता, मी त्याचा हात नाय धरला. ह्या बरोबर का, वसंता?"

मी लगेच म्हणालो, "बरोबर." तू म्हणालास, "तू नेहमी लगेच बोलतंस." आता तू गेल्यावर मला कळतंय की मी लगेच बोलायला नको होतं. तू बरोबर केलंस, असंच मला आजही वाटतं. पण बरोबर असूनही एखादी गोष्ट आयुष्यभर बोचू शकते, आणि तुला ती बोचत होती, हे मी ऐकून घ्यायला हवं होतं.

आजार ओसरला तसं तू भाषणातलं वचन पाळलंस. गावभर फिरलास, घराघरात शिरून माणसांना धरलंस. तेरेज मावशीच्या मुलाकडे पहिला गेलास. खोलीतली गादी तू फाडून काढलीस आणि भिंत फोडून मोठी खिडकी बसवलीस. शेजाऱ्यांची तक्रार आली तर म्हणालास, "ऐका ना मंग, फुकट हाय." पण कोणी खोकत आला तर त्याला अंगणात बसवायचास. मला वाटलं, मी जिंकलो. तसं म्हणालो तर तू भडकलास. "जिंकला-हरला कसला? तू नसतास तर मी आतच बसलो असतो. मी नसतो तर तू आयुष्यभर बाहेरच उभा राहिला असतास."

तुझं हृदय बंद पडलं सकाळी, जेट्टीवर, माणसांशी बोलता बोलता. ज्याच्याशी बोलत होतास तो म्हणतो, तुझा हात त्याच्या खांद्यावरच होता.

आज सकाळी मी मिस्साला काय वाजवायचं ते ठरवायला पाचूबंदरला गेलो. घराला कुलूप. माहेरी आलेली नॅन्सी शेजारच्या ओटीवरून म्हणाली, "आई मासळीच्या लिलावाला गेली. घरात बसून काय करू, म्हणते." मी जेट्टीवर गेलो. होड्या लागल्या होत्या, सुरमईच्या टोपल्या मांडल्या होत्या आणि भोवती बायांचा गराडा. मधे कातरीन, काळ्या साडीत, कमरेवर हात. बोली चढत होती आणि ती सगळ्यांच्या वर आवाज काढून घासाघीस करत होती. होडीवाल्याला झापत होती, शेजारणीला गप्प करत होती, परत बोली लावत होती. लिलाव संपेपर्यंत तिचा दम एकदाही तुटला नाही, बस्त्याव.